एमआरआय नॉर्मल आला, मग घर का फिरतं?

ताई, आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीला लागून. सासूबाई ६३ वर्षांच्या. मार्गशीर्षात एका पहाटे उठल्या आणि घर गरगर फिरायला लागलं. दोन दिवस डोळे उघडता येत नव्हते, घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. सलाइन, इंजेक्शनं झाली, चौथ्या दिवशी उठून बसल्या. तेव्हापासून चक्करेची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. मानेच्या एक्स-रेत मणक्याची झीज दिसली म्हणून पट्टा दिला. कोल्हापूरला नेऊन मेंदूचा एमआरआय केला, तो नॉर्मल आला. तरी कुशीवर वळल्या की थोडा वेळ घर फिरतं, रात्री पडवीत भिंत धरून चालतात, पाखाडीच्या पायऱ्या उतरायचं तर सोडूनच दिलंय. आता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानाच्या तोलाच्या तपासण्या लिहून दिल्यात. शेजारच्या काकी म्हणाल्या, कानात गरम-गार पाणी सोडतात आणि माणूस आडवा होतो. ते ऐकून सासूबाईंनी सांगून टाकलं, ‘कानात पाणी घालूक मी देवचंय नाय.’ एमआरआय चांगला असताना या तपासणीची खरंच गरज आहे का? आणि गणपतीची चवथ तोंडावर आलीय. गणपतीच्या डोक्यावरची माटवी दरवर्षी त्याच स्टुलावर चढून बांधतात. चढू द्यायचं का?
एक सून, देवगड तालुका

वहिनी,

तपासणीची गरज आहे. पण मशीनकडे जाण्याआधी एक बिनमशीनची तपासणी झाली पाहिजे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख कुठेच नाही. गेल्या आठ महिन्यांत सासूबाईंना खाटेवर बसवून, मान वळवून, पटकन मागे निजवून कोणी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं का? पाहिलं नसेल तर पहिलं काम ते. कान-नाक-घशाच्या कुठल्याही दवाखान्यात ते होतं, पाच मिनिटं लागतात आणि कानात पाण्याचा थेंबही जात नाही. सासूबाईंना हे आजच सांगा, म्हणजे निम्मी भीती तिथेच जाईल.

एमआरआयचे पैसे फुकट गेले असं मात्र मनात आणू नका. मेंदूत रक्तस्राव नाही, गाठ नाही, हे त्याने सांगितलं आणि ते कळणं मोलाचं होतं. पण एमआरआय हा शेवटी फोटो. घराचा फोटो पाहून भिंतीला तडा गेलाय का ते कळतं, घरात वीज येतेय का ते कळत नाही. आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग फोटोत धडधाकट दिसतो आणि त्याचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. तेच काम मोजायला या तपासण्या आहेत.

तुम्ही लिहिलंय की रात्री पडवीत भिंत धरतात आणि पाखाडी उतरत नाहीत. माझ्यासाठी पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ही. माणूस उभा राहतो तो तीन गोष्टींच्या जोरावर: डोळे, पायाखालच्या जमिनीचा अंदाज आणि आतला कान. दिवसा अंगणात तिन्ही असतात, म्हणून सासूबाई बऱ्या दिसत असतील. रात्री पडवीत दिवा नसला की डोळ्यांची मदत गेली. पाखाडीच्या झिजलेल्या, शेवाळ धरलेल्या जांभ्या पायऱ्यांवर पायाचा अंदाजही डळमळतो. मग सगळा भार कानावर येतो आणि कान तो पेलत नाही. भिंत त्या घाबरटपणाने धरत नाहीत. घरातल्यांना हे नीट समजावून सांगा, कारण ‘मनाचं आहे, उगाच धरून बसते’ असं अशा बायांना फार ऐकावं लागतं.

आता आतल्या कानात काय असतं ते थोडक्यात. दोन्हीकडे तीन-तीन वळलेल्या नळ्या, त्यांत पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. नळ्यांच्या मुळाशी दोन पिशव्या, त्यांत बारीक खड्यांचा थर. हे खडे कशाचे, तर तुम्ही खाडीत तिसऱ्या काढता ना, त्यांच्या शिंपल्यात जे असतं त्याचेच, कॅल्शियम कार्बोनेटचे. आपण वाकलो, उठलो, जिना चढलो की त्यांच्या वजनाने पिशव्यांना खबर लागते. हा सगळा अवयव डोळ्यांना बांधलेला आहे. डोकं डावीकडे गेलं की डोळे त्याच क्षणी तेवढेच उजवीकडे जातात, म्हणून चालताना समोरचं माणूस हलताना दिसत नाही. आपण कानाचा तोल तपासतो तेव्हा खरं तर डोळे बघत असतो, ते यामुळे.

दोन कान म्हणजे होडीची दोन वल्ही समजा. दोन्हीकडून सारखा जोर असला की होडी सरळ जाते. एक वल्हं अचानक थांबलं की होडी गोल फिरायला लागते. मार्गशीर्षातल्या त्या पहाटे बहुधा तसंच झालं. पत्रावरून निदान करत नाही, पण दोन-तीन दिवस एकसारखं गरगरणं, उलट्या, मग हळूहळू उतार, ही गोष्ट एका कानाच्या तोलाच्या नसेला सूज आल्यासारखी वाटते. आताचं दुखणं मात्र निराळं आहे. कुशीवर वळल्यावर थोडा वेळ फिरतं आणि थांबतं, ही चाल सुटलेल्या खड्यांची. पिशवीतले खडे निसटून नळीत गेले की डोकं हललं तेवढ्यापुरते ते घरंगळतात, द्रव ढवळतात आणि घर फिरतं. मिनिटाच्या आत सगळं शांत. नसेला सूज येऊन गेलेल्या कानात पुढे खडे सुटण्याचा त्रास पुष्कळांना होतो. त्यामुळे सासूबाईंची दोन दुखणी एकात एक गुंतली असावीत असा माझा अंदाज आहे, आणि दोन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे. नुसत्या गोळीने यातलं एकही बरं होत नाही.

म्हणून ती खाटेवरची तपासणी. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली ती वर्णन केली, आजही तीच वापरतात. रुग्णाला खाटेवर पाय लांब करून बसवायचं, मान एका बाजूला ४५ अंश वळवायची आणि झटकन मागे निजवायचं, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. डोळे उघडे हवेत, ही अट. दोन-चार सेकंद काही होत नाही. मग डोळे गोल वळत वर उडायला लागतात आणि बाई म्हणते, ‘गे बाय, घर फिरला!’ जमिनीकडचा कान डावा असेल तर दोष डाव्या कानात, उजवा असेल तर उजव्यात. खडे बहुतेक वेळा मागच्या नळीत असतात. ते सापडले की तिथल्या तिथे डोकं ठरावीक क्रमाने वळवत ते परत पिशवीत सोडता येतात. एप्लीची कृती म्हणतात तिला, १९९२ साली ती छापून आली. पुष्कळदा एक-दोन खेपांतच फरक पडतो. महिनोन् महिने गोळ्या खाल्लेली माणसं या एका कृतीनंतर खाटेवरून उतरून स्वतःच्या पायाने सरळ चालत गेलेली मी पाहिली आहेत. इतकी सोपी गोष्ट इतक्या उशिरा लोकांपर्यंत पोचते, याचं मला फार वाईट वाटतं.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरी करायला जाऊ नका. कुठला कान, कुठली नळी हे ठरल्याशिवाय वळवलेलं डोकं खडे भलत्या नळीत ढकलू शकतं. शिवाय सासूबाईंच्या मानेत झीज आहे, ती डॉक्टरांना आधी सांगा, ते बेताने करतील.

मानेवरून आठवलं. तो पट्टा अजून वापरत असतील तर डॉक्टरांना विचारून काढा. साठी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसते, चक्कर येणाऱ्यांच्या आणि न येणाऱ्यांच्याही. कुशीवर वळल्यावर घर फिरण्याचं खापर मानेवर फोडण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. पट्ट्याने डोकं हलायचं थांबतं, आणि बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला मेंदूला डोक्याची हालचालच लागते.

आता त्या पाण्याच्या तपासणीकडे येते. काकींनी सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांना ही वाट सापडली ती रुग्णांच्या तक्रारीतून. ते पिचकारीने कान धूत असत. पाणी गार असलं की रुग्णांना गरगरायचं, फार गरम असलं तरी गरगरायचं, पण डोळे उलट दिशेला उडायचे. अंगाच्या उष्णतेइतकं असलं की काहीच नाही. त्यांनी ओळखलं की उष्णतेने आडव्या नळीतला द्रव हलतो आणि कान मेंदूला ‘डोकं फिरतंय’ असं सांगतो, डोकं जागेवर असताना. या कामासाठी त्यांना १९१४ सालचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. १९४२ साली फिट्झगेराल्ड आणि हॉलपाइक यांनी गार पाणी ३० अंश, गरम पाणी ४४ अंश असं ठरवून दिलं. आपल्या अंगाच्या ३७ अंशांपेक्षा ७ कमी आणि ७ जास्त. गरम म्हणजे न्हाणीतल्या हंड्यातलं कढत पाणी नव्हे, अंघोळीला घेतो त्यापेक्षा फार वेगळं नसतं ते.

हे पाणी, काही ठिकाणी पाण्याऐवजी हवा, सुमारे अर्धा ते एक मिनिट कानात सोडतात आणि पाणी लगेच बाहेर पडतं. रुग्ण निजलेला, डोकं ३० अंश उचललेलं, डोळ्यांवर काळा गॉगल, आतल्या छोट्या कॅमेऱ्यातून डोळे पडद्यावर दिसतात. दुखत अजिबात नाही. घर फिरतं, हे खरं. एक मिनिट-दीड मिनिटाने ते ऐन भरात येतं, मग दिवा लावतात, एका ठिपक्याकडे बघायला सांगतात आणि फिरणं उतरायला लागतं. असं प्रत्येक कानाला दोनदा, मधे किमान पाच मिनिटं विश्रांती. काहींना मळमळतं, थोड्यांना उलटी होते. सासूबाईंना हे लपवू नका. आठ महिन्यांपूर्वी दोन दिवस जे भोगलं त्याची ही दोन मिनिटांची, कोणीतरी हात धरून ठेवलेली आवृत्ती आहे, असं सांगा.

मी गेली कित्येक वर्षं ही तपासणी करते, तेव्हा जवळून पाहिलेलं एक सांगते. पाणी सोडलं की आम्ही रुग्णाला बोलतं ठेवतो. मन जागं नसलं तर डोळ्यांची उडी दबते आणि आकडा चुकतो. कोणाला पाढे म्हणायला लावतो, कोणाला नातवंडांची नावं. मालवणकडच्या एका आजींना मी मासे विचारले. ‘पेडवे, तारली, बांगडो, सौंदाळो, मोरी, कर्ली...’ गॉगलच्या आत डोळे सपासप उडत होते, खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, पण जीभ कुठे अडखळत नव्हती. ‘सरंगो,’ म्हणाल्या आणि थांबल्या. ‘बाय, सरंगो आता परवडता कोणाक?’ तेवढ्यात वेळ झाली, दिवा लावला. ‘झाला?’ त्यांनी विचारलं. त्यांना याहून पुष्कळ वाईट काहीतरी होणार असं वाटलं होतं. त्यांचा उजवा कान जवळजवळ काहीच उत्तर देत नव्हता, आणि दोन वर्षं त्यांना ‘पित्त आहे’ म्हणून सांगितलं गेलं होतं.

या तपासणीचा मोठा गुण हा की दोन्ही कान वेगळे मोजता येतात. दोघांच्या उत्तरांत साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तर कमी उत्तर देणारा कान दुबळा धरतात. नेमका आकडा प्रत्येक प्रयोगशाळेचा थोडा वेगळा असतो.

डॉक्टरांनी ‘तपासण्या’ असं अनेकवचनी लिहून दिलंय म्हणजे आणखी दोन-तीन असतील, त्यांत भिण्यासारखं काही नाही. एकीत हलका गॉगल घट्ट बांधतात, भिंतीवरच्या ठिपक्याकडे नजर ठेवायची आणि तपासणारा मागे उभा राहून डोकं न सांगता बारीकसा झटका देऊन वळवतो. चांगल्या कानाचे डोळे ठिपक्यावरच राहतात, दुबळ्या कानाचे घसरतात आणि उडी मारून परत येतात. हॅल्मॅजी आणि कर्थॉइस यांनी १९८८ साली हे नुसत्या डोळ्यांनी बघून मांडलं, आता कॅमेरा मोजतो आणि सहाच्या सहा नळ्या दहा-पंधरा मिनिटांत होतात. गरगरतही नाही. मग कोणी विचारेल, पाण्याची तपासणी हवीच कशाला? पाणी कानाला फार संथ हालचाल दाखवतं, झटका फार वेगवान. कान एकीत पास आणि दुसरीत नापास होऊ शकतो, आणि त्या फरकातूनही निदानाला वाट मिळते. आणखी एका तपासणीत मानेला तारा चिकटवून कानात टकटक असा मोठा आवाज देतात, त्यावरून खड्यांच्या पिशवीचं आणि तोलाच्या नसेच्या खालच्या फांदीचं काम कळतं. सूज बहुधा वरच्या फांदीला येते आणि खालची शाबूत राहते, तेव्हा सासूबाईंसाठी हीसुद्धा उपयोगाची. आणि ऐकण्याची साधी तपासणी तर झालीच पाहिजे. ती झाली नसेल तर मला आश्चर्य वाटेल, पण अनेकदा झालेली नसते. चक्करेबरोबर एका कानाने कमी ऐकू येणं, कानात गुंई आवाज, कान भरल्यासारखा वाटणं हे असेल तर विचाराची दिशाच बदलते. मार्गशीर्षापासून त्या फोन दुसऱ्या कानाला लावायला लागल्यात का, एवढं बघून ठेवा.

जायच्या आधीचं. चक्करेची जी गोळी चालू आहे तिचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशा गोळ्या कानाचं उत्तर दडपतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अशा गोळ्या ४८ तास आधी थांबवायला सांगतात. बीटाहिस्टिनबद्दलही विचारून घ्या. रक्तदाब, साखर, हृदय, थायरॉइड, फिट यांच्या गोळ्या मात्र चुकूनही बंद करायच्या नाहीत. झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल तर तीही आपल्या मनाने एकदम तोडायची नाही. कानात मळ असेल तर आधी काढून घ्या. पडद्याला भोक, कानातून पू, कानाचं जुनं ऑपरेशन, नुकतंच झालेलं डोळ्याचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर फोनवरच सांगा. पडद्याला भोक असेल तर पाणी घालत नाहीत. काजळ लावून जायचं नाही, कॅमेरा बुबुळ शोधतो आणि काळी रेघ दिसली की तिथेच गोंधळतो. त्या सकाळी चहा-कॉफी नको. दोन-तीन तास आधी पेज किंवा मऊ भात खाऊन निघावं, पूर्ण उपाशी नको आणि पोटभरही नको.

आणि एक, जे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. तुम्हाला कोल्हापूरला जायचं तर फोंडा घाट किंवा गगनबावड्याचा घाट चढावा लागणार. पहाटे निघून घाटातली वळणं खाऊन, वाटेत दोनदा उलटी करून आलेल्या बाईची सकाळी दहाला तपासणी करणं म्हणजे तिचे हाल आणि आकड्यांवरही भरवसा नाही. आदल्या दिवशी जा, मुक्काम करा, गाडीत पुढच्या सीटवर बसवा, तपासणीनंतर तास-दोन तास निजू द्या. आणि फोनवर विचारून ठेवा: पाण्याची तपासणी तुमच्याकडे होते का, झटक्याची होते का, आणि खडे सापडले तर त्याच दिवशी एप्लीची कृती कराल का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणी घाट ओलांडून जाऊ नका.

रिपोर्टमध्ये एक कान दुबळा निघाला तर घाबरायचं नाही. बहुतेक वेळा तो जुन्या लढाईचा व्रण असतो. त्यावर औषध नाही, व्यायाम आहेत, आणि ते खरंच काम करतात. दिनदर्शिकेतल्या एका तारखेवर नजर रोखायची आणि तारीख स्पष्ट दिसत राहील इतपत वेगाने डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, मिनिटभर, दिवसातून काही वेळा. सुरुवातीला बसून, मग उभं राहून, मग चालताना. थोडं गरगरलं पाहिजे, त्यातूनच मेंदू शिकतो. पुढच्या टप्प्यात कोणाचा तरी हात धरून पुळणीत, कोरड्या वाळूत चालणं. वाळूत पायाचा अंदाज जातो, तेव्हा हा फार चांगला सराव आहे आणि आपल्याकडे दाराशी आहे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट बसवून घ्या. रिपोर्ट सगळा नॉर्मल आला तर बाई नाटक करते असा अर्थ कोणी काढू नये. अर्धशिशीच्या जातीची चक्कर असते, तिच्यात बऱ्याचदा रिपोर्ट चांगलाच येतो. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून येणारी अंधारी कानाच्या तपासणीत दिसतच नाही. ती शोधायला आधी निजवून आणि मग उभं करून तीन मिनिटांत रक्तदाब मोजावा लागतो. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर गोष्ट वेगळी.

गोळीबद्दल मला तुमच्या डॉक्टरांशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. गरगर दाबणारी गोळी पहिल्या दोन-चार दिवसांसाठी चांगली. आठ महिने दिवसातून तीनदा घेतली तर ती मेंदूलाही गुंगवते, शिकू देत नाही, आणि सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांनी वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा कोरा होणं असा त्रास होऊ शकतो. यातलं काही दिसतंय का बघा आणि गोळी कमी करण्याबद्दल या वेळी स्पष्ट विचारा.

एक ताकीद खाडीची. तोल ठीक होईपर्यंत सासूबाईंना तिसऱ्यांना, कालवांना एकटं पाठवू नका, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. पाण्यात अंग हलकं होतं, पायाचा अंदाज जातो. एखादी पडली आणि डोकं पाण्याखाली गेलं तर वर कुठे आणि खाली कुठे हे सांगणारा फक्त कान उरतो. पोहता येणारी माणसंही यात फसतात. बावीवरही कोणीतरी सोबत असू द्या. पडवीत रात्रभर एक बारीक दिवा राहू दे.

आणि यातलं काही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं: चक्करेबरोबर बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, एकाचे दोन दिसणं, गिळता न येणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं, धरूनही उभं राहता न येणं, शुद्ध हरपणं. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे. तिथे एक-एक दिवस महत्त्वाचा असतो.

राहिली माटवी. यंदा चढू देऊ नका, खडे जागेवर बसले असले तरीही. वर बघत, दोन्ही हात उचलून, स्टुलावर उभं राहून गाठ मारणं हा खडे घरंगळण्याचा अगदी नेमका प्रसंग आहे, आणि खाली शेणाने सारवलेली जमीन असो की लादी, साठीतलं खुब्याचं हाड तेवढ्यानेही मोडतं. मुंबईकर येतीलच, पोरांना चढवा. सासूबाईंना खाली खुर्ची द्या. कवंडाळ कुठे, शेरवाडा कुठे, नारळाची पेंड कुठल्या टोकाला, हे त्यांच्याइतकं तुमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. त्यांनी सांगायचं, पोरांनी बांधायचं. आणि तपासणी चवथीनंतर ठेवली तरी चालेल, पण खाटेवरची ती पाच मिनिटांची चवथीआधीच करून घ्या.